धागा तुटला की माग थांबावा



आपल्यापैकी पुष्कळ घरांत आज एक तरी मुलगा किंवा मुलगी संगणकाच्या शिक्षणात अथवा नोकरीत आहे. कोणी पुण्याला हिंजवडीत, कोणी नवी मुंबईत ऐरोलीला, तर कोणी थेट बंगळुरूला. रात्री उशिरापर्यंत ही मुले पडद्याकडे डोळे लावून बसतात. आईने विचारले, "काय करतोस रे एवढा वेळ?" तर उत्तर येते, "बिल्ड फेल झालंय." आईच्या काळजात धस्स होते. तिला वाटते, पोरगा नापास झाला!

तसे काही नसते. नापास मुलगा झालेला नसतो. त्याने लिहिलेल्या कामात एका यंत्राला खोट दिसलेली असते आणि त्या यंत्राने काम पुढे जाऊ दिलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. हे यंत्र काय तपासते, ते कसे बसवायचे आणि त्याच्यावर किती विसंबायचे, हे आज समजून घेऊ. वडीलधाऱ्यांनी हे वाचावे म्हणजे मुलांचे काम कळेल. शिकणाऱ्या मुलांनी तर अवश्य वाचावे, कारण पुढे ही व्यवस्था स्वतःच्या हाताने कशी उभी करायची तेही सांगितले आहे.

मागाकडून शिकण्यासारखे

ज्यांच्या घरात गिरणीचा किंवा यंत्रमागाचा अनुभव आहे, त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. मागावर शेकडो उभे धागे ताणलेले असतात. त्यातला एक तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात उभी रेघ पडत जाते. ती दिसते केव्हा? तागा उतरून तपासणीच्या टेबलावर उलगडला म्हणजे. तोपर्यंत मीटरच्या मीटर कापड वाया गेलेले असते. जुन्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अशा खराब कापडाचा भुर्दंड विणकराच्या पगारातून वसूल होई आणि ते कापड त्याच्याच गळ्यात मारले जाई. कामगाराच्या पगारातून काय कापता येते आणि किती, याला १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने बांध घातला. धागा तुटण्याचे कारण सूत कच्चे असणे हे असेल, हवा कोरडी असणे हे असेल, किंवा मागाची देखभाल न होणे हेही असेल. पण दोष उशिरा सापडला की तो हाताखालच्या माणसाच्या माथी बसतो, हा जगाचा अनुभव आहे.

यावर उपाय निघाला तो मागातच. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लोंबत ठेवायची. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर राहते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्ण केलेला स्वयंचलित माग अशाच तत्त्वावर धागा तुटताच थांबत असे. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीने त्या मागाचे हक्क विकत घेतले. टोयोटा मोटारींचा पुढचा उद्योगही याच घराण्याचा. दोष झाल्या क्षणी काम थांबवायचे, हा नियम त्यांनी मोटारींच्या कारखान्यातही चालविला.

माग थांबला म्हणजे विणकराचा अपमान झाला, असे कोणी मानत नाही. विणकर येतो, धागा जोडतो आणि माग पुन्हा चालू करतो. दोन मिनिटांचे काम. "बिल्ड फेल" म्हणजे नेमके हेच. धागा तुटला, माग थांबला.

कापडावरचा तंतू

आता संगणकाकडे येऊ. संगणकाने काय करावे याच्या सूचना माणूस लिहितो. त्या मजकुराला कोड म्हणतात. मोठ्या कंपनीत एकाच कामाचा कोड दहा-वीस, कधी शेकडो माणसे मिळून लिहितात. प्रत्येकाने लिहिलेला भाग एका जागी जोडला जातो. एकाची चूक सगळ्यांच्या कामात मिसळते, आणि एकदा मिसळली की ती शोधणे म्हणजे पिठात पडलेले मीठ वेचण्यासारखे होते.

अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास एक लहानसा प्रोग्राम तयार केला. सी भाषेत लिहिलेला कोड वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखविणे, एवढेच त्याचे काम. त्याला नाव दिले 'लिंट'. कपड्याला चिकटणाऱ्या कापसाच्या बारीक तंतूला इंग्रजीत लिंट म्हणतात. कपड्यावरून तंतू वेचावेत तशा कोडमधून बारीकसारीक खोटी वेचायच्या, म्हणून हे नाव. आज वेगवेगळ्या भाषांसाठी असे कितीतरी प्रोग्राम आहेत. त्या सर्वांना सरसकट 'लिंटर' म्हणतात.

एका ओळीची किंमत

एवढ्या बारीक गोष्टीचे काय एवढे, असे वाटेल. म्हणून एक खरे उदाहरण सांगतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीला आपल्या आयफोनसाठी आणि पाठोपाठ मॅक संगणकांसाठी तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. आपण फोनवरून बँकेशी जोडले जातो, तेव्हा समोर खरोखर तीच बँक आहे की बँकेच्या नावाने दुसराच कोणी बसला आहे, हे फोन तपासतो. या तपासणीच्या कोडमध्ये एक ओळ चुकून दोनदा पडली होती.

समजा, दरवाजावरच्या पहारेकऱ्याला चिठ्ठी दिली आहे: "एकेक कागद तपासा. कागद खोटा असेल तर तपासणी बंद करून खोटेपणा नोंदवा." आणि त्याखालीच चुकून आणखी एक ओळ पडली: "तपासणी बंद करा." आता पहारेकरी पहिले कागद पाहतो, ते बरे असतात, आणि दुसरी ओळ वाचून तो तपासणी बंद करतो. शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा सहीचा कागद तो पाहतच नाही. वहीत खोटेपणाची नोंद नाही, म्हणून माणूस आत. ॲपलच्या कोडमध्ये असेच घडले. सार्वजनिक वायफायवर बसलेल्या लबाड माणसाला मधल्या मध्ये दुसऱ्याचे बोलणे वाचण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

लक्षात घेण्याची गोष्ट पुढे आहे. त्या जास्तीच्या ओळीखालचा कोड कधीच चालणार नव्हता. "या ओळींपर्यंत पोहोचताच येत नाही" असा इशारा देणारी सोय कोड तपासणाऱ्या साधनांत तेव्हाही होती. पण ती आपोआप चालू नसते, मुद्दाम चालू करावी लागते. राखणदार घरात होता, पण त्याला कामावर लावले नव्हते. म्हणून साधन असणे पुरेसे नाही. ते रोजच्या कामाच्या वाटेवर बसवलेले असले पाहिजे, आणि कोणाच्या आठवणीवर अवलंबून न राहता चालले पाहिजे.

तपासणीचे तीन प्रकार

पहिला प्रकार मांडणीचा. ओळी कोठे सुरू व्हाव्यात, मोकळी जागा किती सोडावी, हे सर्वांचे एकसारखे करणारा प्रोग्राम असतो. त्याला फॉरमॅटर म्हणतात. वरच्या उदाहरणात ती चुकीची ओळ योग्य ओळीच्या खाली त्याच रेषेत उभी होती, म्हणून डोळ्याला फसवून गेली. फॉरमॅटरने तिला तिच्या खऱ्या जागी बाहेर ओढले असते आणि ती नजरेत भरली असती.

दुसरा प्रकार संशयाचा. हे लिंटरचे काम. न वापरलेले नाव, कधीच न चालणारी ओळ, एकाच नावाचे दोन अर्थ, अशा गोष्टी तो कोड न चालविता, नुसता वाचून दाखवितो.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष परीक्षेचा. कोड चालवून पाहायचा आणि उत्तर बरोबर येते का ते बघायचे. "खोटी सही दाखविली तर नकार मिळतो का?" अशी एक परीक्षा लिहून रोज आपोआप चालविली असती, तर ती ओळ पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

तीन चाळण्या, आणि प्रत्येकीची जाळी वेगळी. एकीतून निसटलेले दुसरीत अडकते.

स्वतः कसे उभारावे

शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आता प्रत्यक्ष पायऱ्या सांगतो. उदाहरण घरातलेच घेऊ. आईच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम तुम्ही पायथन भाषेत लिहिला आहे, असे धरा.

पहिली पायरी: काम 'गिट'मध्ये ठेवा. गिट म्हणजे कोडची खातेवही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद तिच्यात राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ती तयार केली आणि ती विनामूल्य आहे.

दुसरी पायरी: 'रफ' नावाचे साधन बसवा. मांडणी आणि संशय ही दोन्ही कामे ते करते, आणि तेही झपाट्याने, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही अडचण येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये लिहीत असाल तर मांडणीसाठी 'प्रेटिअर' आणि संशयासाठी 'ईएसलिंट' आहे. त्याचे नियम एका फाइलमध्ये लिहा आणि ती फाइल कोडबरोबरच ठेवा, म्हणजे सर्वांना एकच नियम लागू राहील.

तिसरी पायरी: 'पायटेस्ट' वापरून चार-पाच परीक्षा लिहा. शंभर रुपये जमा केले, चाळीस काढले, तर शिल्लक साठ राहते का? शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम मागितली तर नकार मिळतो का? रकमेच्या जागी अक्षरे टाकली तर काय होते? एवढ्यापासून सुरुवात पुरे.

चौथी पायरी: 'प्री-कमिट' हे साधन बसवा. तुम्ही खातेवहीत नोंद करायला जाल, त्याआधी ते तपासणी चालवून घेते. खोट असेल तर नोंद होत नाही. ही तपासणी काही सेकंदांत आटोपली पाहिजे. ती मिनिटभर लांबली की माणूस ती टाळण्याची पळवाट शोधतो, आणि पळवाट आहेच. म्हणून परीक्षा लांबलचक असतील तर त्या येथे न ठेवता पुढच्या पायरीवर ठेवाव्यात.

पाचवी पायरी: तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा चालवा. 'गिटहब ॲक्शन्स', 'गिटलॅब' किंवा 'जेनकिन्स' यांपैकी काहीही चालेल. गिटहबवर सर्वांना पाहता येणाऱ्या प्रकल्पासाठी ही सोय विनामूल्य मिळते. प्रकल्पात ठरलेल्या जागी एक छोटी फाइल ठेवायची आणि तिच्यात लिहायचे: कोड आला की रफ चालवा, मग पायटेस्ट चालवा. सर्व्हर हे काम दर वेळी कोऱ्या यंत्रावर करतो. त्यामुळे "माझ्याकडे तर चालत होतं" ही सबब उरत नाही.

सहावी पायरी: मुख्य शाखेला कुलूप लावा. म्हणजे तपासणी हिरवी झाल्याशिवाय कोणताही बदल मुख्य कोडमध्ये जाणार नाही. हे कुलूप लावले नाही, तर वरच्या पाचही पायऱ्या नुसता सल्ला ठरतात. सल्ला घाईच्या दिवशी कोणी ऐकत नाही, आणि चुका घाईच्याच दिवशी होतात.

आणखी एक चाळणी जरूर लावा. कोडमध्ये चुकून पासवर्ड किंवा गुप्त किल्ली राहून गेली आहे का, हे पाहणारी साधनेही मिळतात. नोकरीत नव्याने लागलेल्यांच्या हातून ही चूक फार होते, आणि ती महागात पडते.

जुन्या कामाचे काय?

नोकरीच्या जागी कोरा कागद मिळत नाही. दहा वर्षांचा जुना कोड असतो. त्यावर लिंटर पहिल्यांदा चालविला की हजारो इशारे निघतात आणि सर्वांचे हातपाय गळतात. मग "हे आपल्याकडे चालणार नाही" म्हणून साधनच काढून टाकले जाते.

असे करू नये. घराची साफसफाई एका दिवसात होत नसेल तर निदान नवा कचरा आत येऊ देऊ नये. जुने इशारे जसेच्या तसे नोंदवून बाजूला ठेवावेत आणि नव्या बदलात नवा इशारा आला तरच काम थांबवावे. पहिल्या महिन्यात मोजकेच नियम लावावेत, ज्यांत खरी चूक पकडली जाते असे. मांडणी बदलायची असेल तर ती एकदाच आणि स्वतंत्र नोंदीत बदलावी. मांडणीच्या हजार ओळींत कामाचा एक खरा बदल मिसळला, तर तो कोणालाच दिसत नाही.

एखादी परीक्षा कारण नसताना कधी पास आणि कधी नापास होत असेल, तर ती लगेच दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. रोज खोटा लाल दिवा लागला, तर खऱ्या लाल दिव्याकडेही कोणी पाहणार नाही.

सर्वांना एकच नियम

या व्यवस्थेचा एक लाभ पुस्तकात फारसा सांगितला जात नाही, पण नव्या मुलांसाठी तोच मोठा आहे. ज्याच्या घरात आधी कोणी या कामात नव्हते, त्याला ऑफिसातल्या अलिखित रीती सांगणारा कोणी नसतो. तो पहिला कोड दाखवितो आणि वरचा माणूस चारचौघांत म्हणतो, "एवढंही येत नाही का?" चूक असते मोकळ्या जागेची किंवा नाव देण्याच्या पद्धतीची, पण मुलाला वाटते, आपली लायकीच नाही. तीच चूक यंत्राने एकांतात दाखविली, ओळीचा क्रमांक दिला, कारण सांगितले, तर तो ती दोन मिनिटांत सुधारतो आणि पुन्हा करीत नाही. मग वरिष्ठांचा वेळही कामाच्या खऱ्या प्रश्नांवर जातो. यंत्र नाव पाहत नाही, आडनाव पाहत नाही, ओळ पाहते.

मात्र हा लाभ आपोआप मिळत नाही. गिटहबवर कुलूप लावताना प्रकल्पाच्या प्रमुखाला ते ओलांडण्याची मुभा राहू शकते. ही मुभा बंद करण्याची सोय तेथेच दिलेली आहे, पण ती मुद्दाम निवडावी लागते. शिकाऊ मुलाला नियम आणि साहेबाला सूट, अशी पद्धत असेल तर तो दरवाजा नव्हे, नुसती चौकट. तसेच कोणाच्या कोडमध्ये किती इशारे आले हे मोजून त्यावर पगारवाढ ठरवू नये. तसे केले की माणसे चूक सुधारण्याऐवजी लपवू लागतात. माग धागा तुटला हे सांगण्यासाठी आहे, दंड मोजण्यासाठी नाही.

यंत्राला काय दिसत नाही

आता दुसरी बाजू. एप्रिल २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' नावाचा दोष उघडकीस आला. इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर वापरीत असलेल्या 'ओपनएसएसएल' या कोडमध्ये तो मार्च २०१२ पासून होता. समोरच्याने सांगितलेली लांबी खरी आहे का, हे न तपासताच सर्व्हर तेवढी माहिती परत देत होता. त्यामुळे एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत आतली माहिती बाहेर काढता येत होती. दोन वर्षे तो माणसांच्या नजरेतून सुटला आणि तेव्हाच्या नावाजलेल्या तपासणी साधनांनाही तो दिसला नव्हता. तो उजेडात आल्यावर साधनांना तसा दोष ओळखायला शिकविण्यात आले. म्हणजे हिरवा दिवा याचा अर्थ "दोष नाही" असा नाही. "मला माहीत असलेला दोष सापडला नाही," एवढाच तो अर्थ आहे.

आईच्या बचत गटाचेच पाहा. गटाने दरमहा शेकडा एक रुपया व्याज ठरविले आणि तुम्ही कोडमध्ये दोन लिहिले. मांडणी सुंदर, लिंटर गप्प, आणि परीक्षाही तुम्हीच दोन धरून लिहिलेली, म्हणून तीही पास. चूक कोण पकडणार? गटातली हिशेब जाणणारी बाई. म्हणून काम ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारणे आणि दुसऱ्या माणसाने कोड वाचणे, या दोन गोष्टींना यंत्राचा पर्याय नाही.

काम जाईल काय?

गिरण्या बंद पडलेल्या पाहिलेल्या घरांत हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. स्वयंचलित मागामुळे एका कामगाराकडे अनेक माग आले, हे खरे आहे. येथेही तेच तेच बटण दाबून हाताने तपासणी करण्याचे काम यंत्राकडे जात आहे. त्याच कामावर आयुष्य काढू असे कोणी धरून चालू नये. पण काय तपासायचे, कोणती परीक्षा लिहायची, कोणत्या नियमाने काम थांबवायचे, हे ठरविणारा माणूस लागतोच. आज यंत्राकडून कोड लिहवून घेण्याची पद्धत वाढली आहे. झरझर लिहिलेला कोड तपासण्याची गरज त्याने वाढलीच आहे. ज्याला तपासणी बसविता येते, त्याने मुलाखतीत तोंडी सांगण्यापेक्षा आपला प्रकल्प उघडून दाखवावा. कुलूप, परीक्षा, हिरवा दिवा, सगळे समोर असते. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही आणि महागडा वर्गही लावावा लागत नाही.

तेव्हा शिकणाऱ्या मुलामुलींनी या रविवारी एक दुपार काढावी. आपला जुना एखादा प्रकल्प उघडावा, त्यावर लिंटर चालवावा आणि निघालेल्या इशाऱ्यांतले पहिले दहा नीट वाचून, समजून सुधारावेत. पुढच्या रविवारी परीक्षा लिहाव्यात, त्याच्या पुढच्या रविवारी कुलूप लावावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे: पोरगी म्हणाली "बिल्ड फेल झालंय", तर काळजी करू नका. तिला म्हणा, "धागा जोड आणि कर चालू." मग चहा ठेवा.